मदत हवी आहे: वळताना पुढच्या डाव्या चाकातून कट्-कट् आवाज, पूर्ण एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा शाफ्ट) बदलावा का?

धागाकर्ता (सातारा):
पेट्रोल हॅचबॅक, २०१५ ची, ८२,००० किमी झालेत. यवतेश्वर घाटातून कासकडे आठवड्याला तीन-चार फेऱ्या होतात. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की पुढून ठेक्यात कट्-कट् येतं. चाक जोरात फिरेल तसा ठेका वाढतो. सरळ रस्त्यावर शांत. डाव्या बाजूचा बाहेरचा बूट (एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण) घडीत चार बोटं फाटलाय, ब्रेक कॅलिपरवर आणि रिमच्या आतून काळं ग्रीस उडालंय. उजवा बूट कोरडा आहे. गॅरेजवाले दोन्ही बाजूंचे पूर्ण एक्सल सांगतात. नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागेल का?

प्रतिसाद १:
आवाज सुरू झाला म्हणजे नुसत्या बुटाची वेळ गेली. पण दोन्ही एक्सलचीही गरज दिसत नाही.

एक्सलच्या चाकाकडच्या, म्हणजे बाहेरच्या जॉइंटमध्ये (सीव्ही जॉइंट) सहा पोलादी गोळ्या असतात. आतल्या आणि बाहेरच्या वाटीत त्यांच्यासाठी खाचा असतात आणि मधला पिंजरा गोळ्यांना दोन्ही शाफ्टच्या कोनाच्या बरोबर मधोमध धरून ठेवतो. त्यामुळे चाक वळलेलं असतानाही ते शाफ्टच्याच एकसारख्या गतीने फिरतं. जीपच्या प्रोपेलर शाफ्टवरच्या एकट्या क्रॉसला (अधिकच्या चिन्हासारख्या सांध्याला) कोनात हे जमत नाही, एका फेऱ्यात दोनदा त्याची गती कमी-जास्त होते. म्हणून अशा गाड्यांत पुढच्या चाकांना क्रॉस वापरत नाहीत.

आता तुमचा आवाज. गाडी सरळ चालते तेव्हा गोळ्या खाचेत जवळपास एकाच जागी बसतात, आणि माती-पाणी शिरल्यावर तिथेच खाच खोलगट होते. स्टिअरिंग वळवलं की दर फेऱ्याला प्रत्येक गोळी खाचेत पुढे-मागे सरकते आणि त्या खोलगटाच्या काठावर चढते-उतरते. तोच कट्-कट्. उजव्या वळणात भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे तुमची लक्षणं आणि फाटका बूट जुळतात. नवीन ग्रीसने आवाज काही दिवस दबेल, खड्डे भरून येणार नाहीत.

डावा बाहेरचा जॉइंट बूट-किटसह बदला. उजवीकडे बूट कोरडा आणि आवाज नाही, तर हात लावू नका.

धागाकर्ता:
घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की गाडी थरथरतेही. पाय काढला की थांबते. तेही याच जॉइंटमुळे?

प्रतिसाद २:
नाही, ते बहुतेक आतल्या जॉइंटचं. गिअरबॉक्सकडे ट्रायपॉड असतो: तीन रोलर, प्रत्येक सुई-बेअरिंगवर, तीन खोबणींच्या डब्यात. सस्पेन्शन वर-खाली झालं की शाफ्टची लांबी थोडी कमी-जास्त व्हावी लागते, ती इथे होते. खोबणी घासली की भार आल्यावर थरथर जाणवते. पण आधी इंजिनाचं माउंटिंग (इंजिन धरणारा रबरी आधार) तपासा, तेही असंच वागतं. आणि घूं-घूं आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर व्हील बेअरिंग बघा, एक्सल नव्हे.

शाफ्ट बाहेर काढल्यावर ट्रायपॉडचे रोलर हाताने फिरवा आणि खोबणीवरून नख फिरवा. नख अडकलं तर आत-बाहेर दोन्ही जॉइंट गेलेत. मग त्या एका बाजूचा पूर्ण एक्सल घेणंच परवडतं.

प्रतिसाद ३:
काम करताना घोळ होतो त्या जागा सांगतो.

हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्टचं टोक धरणारा) चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, दाबून बसवलेली किनार आधी सरळ करून. मग जॅक, स्टँड, आणि खालचा बॉल जॉइंट (हबला सस्पेन्शनशी जोडणारा) सोडवा. शाफ्ट हबमधून निघत नसेल तर आट्यांवर लोखंडी हातोडा मारू नका. आतली बाजू काढताना शाफ्ट धरून ओढू नका, ट्रायपॉड डब्यातून निसटतो. डब्यामागे पहार लावून उचकटा. गिअर ऑइल सांडेल, खाली तसराळं ठेवा. ऑइल सील त्याच वेळी नवीन टाका.

बाहेरचा जॉइंट बहुतेक गाड्यांत आतल्या सर्कलिपवर (शाफ्टच्या खाचेतल्या स्प्रिंग-रिंगवर) अडकलेला असतो. आतल्या वाटीवर पितळी पंच ठेवून सरळ ठोका दिला की सुटतो. नवीन जॉइंट नव्या सर्कलिपसह ‘टक’ लागेपर्यंत बसवा आणि ओढून खात्री करा. ग्रीस फक्त किटमधलं मॉलिब्डेनमवालं, पाकीट पूर्ण रिकामं करा: बरंचसं गोळ्यांत, उरलेलं बुटात. साधं व्हील बेअरिंगचं ग्रीस नको. शेवटचा क्लँप आवळण्याआधी बुटाची कड उचलून आतली हवा सोडा, नाहीतर बूट फुगून किंवा आत ओढला जाऊन पुन्हा फाटतो.

हब नट नवीनच वापरा आणि गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कवर टॉर्क पान्यानेच आवळा. तो आवळेपर्यंत गाडी चाकांवर ढकलूसुद्धा नका, बेअरिंग जातं.

धागाकर्ता:
समजलं. आधी माउंटिंग, मग डावा शाफ्ट उतरवून ट्रायपॉड बघतो, आणि त्यानंतरच काय आणायचं ते ठरवतो. तोपर्यंत घाटात गाडी न्यावी का?

प्रतिसाद १:
नको. सपाट रस्त्यावर, स्टिअरिंग टोकापर्यंत न वळवता गॅरेजपर्यंत न्या. पिंजरा तुटला तर शाफ्ट मोकळा फिरतो आणि गाडी चढावर जागीच थांबते.