खाली सतत जळजळ होते, रिपोर्ट सगळे नॉर्मल. कोणाला असा त्रास आहे का?

अबोली_नाशिक

नमस्कार मैत्रिणींनो, विषय नाजूक आहे पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही. माझं वय ३१, लग्नाला तीन-चार वर्षं झालीत. गेली दोनेक वर्षं मला खाली, म्हणजे योनीच्या अगदी तोंडाशी, जळजळ होते. चिरलेल्या बोटाला लिंबू लागावं तसं चरचरतं. टिशूने पुसलं तरी होतं, जीन्सची शिवण टेकली तरी होतं, स्कूटरवरून ऑफिसला पोचेपर्यंत तर डोळ्यात पाणी येतं. मेन्स्ट्रुअल कप वापरायचे तो बंद केला कारण आत सरकवतानाच जीव जातो. नवऱ्याबरोबर संबंध जवळपास बंद आहेत, तो समजूतदार आहे, कधी जबरदस्ती नाही, पण हल्ली तो नुसता जवळ आला तरी माझं अंग आखडतं आणि मग दोघंही पाठ करून झोपतो.

दिसायला काहीच नाही. लाल नाही, पुरळ नाही, अंगावरून पांढरं जात नाही, वास नाही. आधी फंगल म्हणून गोळ्या झाल्या, आत ठेवायच्या झाल्या, मलमं झाली. चार दिवस बरं वाटतं की परत तेच. लघवीचं कल्चर निगेटिव्ह, शुगर नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, पॅप स्मिअर नॉर्मल. शेवटच्या डॉक्टर म्हणाल्या तुम्ही फार टेन्शन घेता, एक मूल होऊ द्या म्हणजे सगळं सुरळीत होईल. त्यांच्या टेबलापलीकडे बसून मला सुचेचना काय बोलावं, मूल होण्यासाठी जे लागतं तेच तर होत नाहीये ना. घरी आई म्हणते उष्णता आहे, सब्जा घे, धण्याचं पाणी घे, तेही केलं. सासूबाई दर सणाला गुड न्यूज विचारतात.

हे नक्की काय आहे, कुठल्या प्रकारच्या डॉक्टरकडे जाऊ आणि मुख्य म्हणजे हे बरं होतं का? की असंच जगायचं?

केतकी

अबोली, आधी एक सांगते, हे मनाचे खेळ नाहीत. तू लिहिलंयस ते वाचताना मला माझेच दिवस आठवले. मला जे होतं त्याचं नाव व्हल्वोडायनिया, आणि त्यातला जो प्रकार फक्त तोंडाशी आणि स्पर्श झाला की दुखतो त्याला प्रोव्होक्ड वेस्टिब्युलोडायनिया म्हणतात. व्याख्या साधी आहे, तीन महिन्यांच्या वर दुखतंय आणि इन्फेक्शन, त्वचेचा आजार वगैरे उघड कारण सापडत नाही. २०१५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र बसून ही नावं आणि प्रकार ठरवलेत, म्हणजे हा आजार पुस्तकात आहे, फक्त आपल्याकडे ओपीडीत त्याचं नाव कोणी घेत नाही. आणि आपणच काय, अमेरिकेतही तेच. बॉस्टन भागात २००३ च्या सुमारास एक मोठी पाहणी झाली होती, त्यात जवळजवळ १६ टक्के बायकांनी सांगितलं की आयुष्यात कधीतरी असं तीन महिन्यांच्या वर दुखलंय, त्यातल्या साधारण ४० टक्के डॉक्टरकडे गेल्याच नाहीत आणि ज्या गेल्या त्यातल्या बऱ्याच जणी तीन किंवा जास्त डॉक्टर फिरल्या. तिथे ही गत तर आपलं काय सांगावं.

माझं निदान झालं ते एका साध्या कापसाच्या काडीने. पुण्यात एका मोठ्या वयाच्या गायनॅक होत्या, त्यांनी स्पेक्युलम, म्हणजे आत घालून बघायचं उपकरण, हातातही घेतलं नाही. आधी विचारलं, दुखलं तर लगेच थांबते, चालेल का? मग इअरबडसारखी काडी जरा ओली करून बाहेरच्या ओठांवर टेकवली, मांडीकडून आत यायला लागल्या. बाहेर काहीच नाही. मग आतल्या ओठांच्या आत, योनीच्या तोंडाभोवती गोल, घड्याळाचे आकडे धरावेत तसं एकेका जागी टेकवून दर वेळी विचारत होत्या, शून्य ते दहामध्ये किती? बाराला दोन म्हणाले, तीनला चार, आणि पाच ते सातच्या मध्ये काडी नुसती टेकली तर मी टेबलवरून उडाले. त्यांनी लगेच हात काढला आणि आरसा देऊन मला ती जागा दाखवली. म्हणाल्या, हलक्या स्पर्शाने एवढं दुखायला नको, इथल्या नसा जास्त संवेदनशील झाल्यात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी दुखतं कुठे ते शोधत होतं, आणि मी तिथेच रडले.

उपचाराचं सांगायचं तर एक कुठलं तरी औषध आणि झालं असं नाही होत. मला पाच टक्के लिडोकेनचं मलम दिलं होतं, रात्री झोपताना त्या जागी अगदी थोडं, आणि संबंधाच्या आधी पंधरा-वीस मिनिटं. लावल्यावर पहिले काही क्षण जळजळ वाढते मग बधिर होतं, घाबरायचं नाही. संबंधाआधी मात्र पुसून काढायचं, नाहीतर नवऱ्यालाही बधिर होतं. शिवाय रात्री अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी. ही मुळात डिप्रेशनची गोळी आहे पण कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्याला देतात. कागदावर नाव वाचून मी घरी येऊन भांडले होते की मला वेडी ठरवली, मग डॉक्टरांनीच फोनवर समजावलं. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं, बद्धकोष्ठ होतो, फरक पडायला आठवडे जातात, आणि एकदम बंद करायची नसते. हे सगळं डॉक्टरांनीच ठरवायचं हं, माझं वाचून मेडिकलमधून आणू नकोस. तुझी मूल होण्याची इच्छा आहे तर तेही आधी सांग.

दोन गोष्टी तू आजच थांबवू शकतेस. पहिली, फंगलचं औषध तपासणीशिवाय घेणं. कोणी परत फंगल म्हणालं तर आधी स्वॅब पाठवून फंगल कल्चर करा म्हण, आणि ते पॉझिटिव्ह आलं तरच औषध. मेडिकलवाले देतात ती मिक्स मलमं, ज्यात फंगलचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड तिन्ही असतात, ती त्या जागी मनाने लावत राहिलं तर कातडी नाजूक होते. दुसरी, इंटिमेट वॉश, अँटिसेप्टिक घातलेलं पाणी, सुगंधी पॅड, सगळं बंद. नुसतं पाणी, सुती चड्डी, रात्री चड्डी न घालता सैल गाऊन.

आणि एक प्रश्न, तू गर्भनिरोधक गोळ्या घेत होतीस का? काही जणींना त्या गोळ्यांमुळे तिथली त्वचा पातळ आणि दुखरी होते, डॉक्टरांना हे नक्की सांग.

सुगंधा५२

अबोली बाळा, आमच्याकडे जुन्या बायका तुरटीच्या पाण्याने धुवायच्या, कडुनिंबाचा पाला उकळून त्यात बसायच्या. करून बघ, अपाय काही नाही.

केतकी

सुगंधाताई, तुम्ही काळजीने सांगताय हे कळतंय, पण तुरटी नको. तिने कातडी आणखी कोरडी पडते आणि हिची तर आधीच हुळहुळी झालीये. बसायचंच तर नुसत्या कोमट पाण्यात बसू दे, पाला, मीठ, काही न घालता.

स्नेहल_फिजिओ

मी पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपिस्ट आहे, मुंबईत काम करते. केतकीने बरंच नीट लिहिलंय, मी माझ्या बाजूचं लिहिते कारण हा भाग बहुतेक पेशंटपर्यंत पोचतच नाही.

दुखतं म्हणून आपण नकळत खालचे स्नायू आवळून धरतो. ते आवळले की रक्तपुरवठा कमी, स्पर्श आणखी दुखरा, म्हणून आणखी आवळणं. अबोली, तू लिहिलंस ना नवरा जवळ आला तरी अंग आखडतं, ते हेच आहे, आणि ते तू मुद्दाम करत नाहीयेस. काही वर्षं गेली की काय होतं, सुरुवातीचं कारण कुठलंही असो, स्नायू घट्ट राहायची सवय लागलेली असते. म्हणून नुसत्या मलमाने निम्मंच काम होतं.

यूट्यूब बघून केगल करू नका. केगल म्हणजे आवळायचा व्यायाम, तो सैल पडलेल्या स्नायूंना. इथे उलटं शिकायचंय, सोडायला. मी पहिल्या भेटीत बऱ्याचदा हातही लावत नाही, फक्त पाठीवर झोपवून, गुडघे दुमडून, एक हात पोटावर ठेवून श्वास शिकवते. श्वास आत घेताना पोट वर येतं तसा खालचा भागही हलकेच खाली सुटतो, तो सुटणं जाणवायलाच कित्येक जणींना दोन-तीन आठवडे लागतात. मग बालासन, आनंद बालासन, मांड्यांचं स्ट्रेचिंग. मग तिची परवानगी असेल तर एका बोटाने आतल्या स्नायूंवर हलका दाब. पुढे डायलेटर, म्हणजे आत घालायच्या गुळगुळीत कांड्या, सगळ्यात बारीक साइजपासून, भरपूर जेल लावून, दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. घाईने मोठा साइज घेतला की शरीर परत आखडतं आणि आपण मागे जातो. लघवी जोर लावून करायची नाही, बद्धकोष्ठ असेल तर आधी तो बरा करायचा, हे पण उपचारातच मोडतं.

पुराव्याचं विचाराल तर गोळ्यांपेक्षा याचा पुरावा बरा आहे. कॅनडात दोनशेच्या वर बायकांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली, अर्ध्या जणींना दहा आठवडे फिजिओथेरपी आणि अर्ध्या जणींना रात्री लिडोकेन. फिजिओवाल्या स्पष्टपणे जास्त सुधारल्या आणि सहा महिन्यांनी बघितलं तरी ते टिकलं होतं. उलट २०१० ची एक चाचणी आहे, त्यात लिडोकेन मलम आणि अमिट्रिप्टिलिनच्याच जातीची एक गोळी हे दोन्ही बिनऔषधी मलम-गोळीपेक्षा सरस ठरले नाहीत. तरी काही जणींना त्यांचा उपयोग होतो हे मी रोज बघते, म्हणून वापरा, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. शस्त्रक्रियाही आहे, दुखरी पट्टी काढून टाकतात, वेस्टिब्युलेक्टोमी म्हणतात. ती शेवटचा पर्याय, आणि ज्यांचं दुखणं फक्त तेवढ्याच जागी आहे त्यांच्यासाठी.

एक खूण सांगून ठेवते. बसलं की वाढतं, कमोडवर बसलं की कमी वाटतं, एकाच बाजूला करंट गेल्यासारखं, असं असेल तर पुडेंडल नसेचं दुखणं असू शकतं, त्याला वेगळी तपासणी लागते.

वैदर्भी_मावशी

मी नागपूरची, वय ५६. पोरींनो, माझी गोष्ट थोडी वेगळी आहे पण इथे चाळिशी-पन्नाशीच्या बायका वाचून राहिल्या असतील म्हणून लिहिते. मला जळजळीपेक्षा खाज जास्त, रात्री तर झोपच नाही. पाळी गेल्यावर होतं असं समजून वर्षभर खोबरेल तेल लावत राहिले. मग आंघोळीच्या वेळी आरशात बघितलं तर कातडी पांढरी, चकचकीत, बारीक सुरकुत्यांची, आणि आतले ओठ जवळजवळ चिकटून गेलेले. मला वाटलं कोड आलं. कोणाला दाखवायची हिंमत होईना.

स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी छोटा तुकडा काढून तपासला, तर निघालं लायकेन स्क्लेरोसस, हा कातडीचा आजार आहे. त्याला क्लोबेटासोल नावाचं कडक स्टिरॉइड मलम देतात. मला स्टिरॉइडची धास्ती होती पण या आजारात तेच पहिलं औषध आहे, फक्त किती आणि किती दिवस ते डॉक्टरांनी सांगायचं. आधी रोज, मग एक दिवसाआड, आता आठवड्यातून दोनदा. खाज गेली. पण दर वर्षी दाखवायला जाते कारण क्वचित त्या जागी पुढे कॅन्सर होऊ शकतो, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर थांबायचं नाही.

म्हणून अबोली, तुझ्या डॉक्टरांना नीट उजेडात बाहेरचं बघायला सांग. बहुतेक जण सरळ आतच बघतात.

अबोली_नाशिक

तुम्हा सगळ्यांची खूप आभारी आहे. परत परत वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं, तो बराच वेळ काही बोलला नाही मग म्हणाला हे आधीच कोणी का नाही सांगितलं. मधल्या काळात दुसऱ्या गायनॅककडे जाऊन आले. स्वतःहून काडीची तपासणी करा म्हणाले, त्यांनी केली आणि पाच-सहाच्या जागीच निघालं. त्वचा ठीक आहे म्हणाल्या. फंगल कल्चर पाठवलं ते निगेटिव्ह. लग्नानंतर दीडेक वर्ष गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या होत्या तेही सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. लिडोकेन सुरू केलंय आणि इथल्याच एका फिजिओची चिठ्ठी दिलीये.

आता एकच विचारायचंय. मुलासाठी थांबावं लागेल का? सासूबाईंना काय सांगू?

स्नेहल_फिजिओ

या दुखण्याने गर्भाशयाला किंवा बीजांडांना काही होत नाही, त्यामुळे गर्भ राहायला आजाराची आडकाठी नाही. अडचण आहे ती संबंधांची. घाई असेल तर गायनॅकशी आययूआयबद्दल बोल, म्हणजे नवऱ्याचं वीर्य बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात ते, पण ती प्रक्रिया करतानाही स्पेक्युलम लागतो, तेव्हा लहान साइजचा वापरा आणि आधी लिडोकेन लावा असं आधीच सांगून ठेव. घाई नसेल तर काही महिने फिजिओला दे. तोवर संबंधाचा प्रयत्नच नको असं दोघांनी ठरवलंत तर बरं, जवळ झोपा, मिठी मारा, पण पुढे काही होणार नाही हे दोघांनाही माहीत असू दे. शरीर आखडणं तिथून कमी व्हायला लागतं.

केतकी

सासूबाईंना मी काय सांगितलं होतं ते सांगते. मला नसांचं दुखणं आहे, औषध चालू आहे, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. एवढंच, आणि ते नवऱ्याने सांगितलं, मी नाही. खोटं त्यात काही नाही आणि पुढचं विचारायचा कोणाला हक्क नाही. फिजिओच्या पहिल्या भेटीला जाशील तेव्हा सैल सलवार घालून जा, आणि तपासताना कुठेही नको वाटलं तर थांबा म्हण, चांगली फिजिओ असेल तर ती लगेच थांबते.