मदत हवी आहे: लॉन हिरवे ठेवायचे आणि विहीरही मेपर्यंत पुरवायची, पाण्याचा हिशेब कसा बसवावा?

चिऱ्याची_गडगा: नमस्कार मंडळी. गोव्यातल्या पर्वरीच्या पठारावर घर, जांभ्यावर फूटभर भरावाची माती. 80 चौ. मी. लॉन, 4 माड, कुंपणाला 12 जास्वंदी, ओसरीसमोर अबोलीचा छोटा वाफा आणि तीसेक कुंड्या. रोज सकाळी पाइपने 40 मिनिटे पाणी घालतो. तरी लॉन मधूनमधून पिवळे, जास्वंदीची खालची पाने गळतात. एप्रिलअखेर विहिरीत हातभर पाणी उरते. 1000 लिटरची टाकी जमिनीपासून 3 मीटर उंच आहे. ठिबक बसवले तर भागेल का? ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडे) कोणते घ्यावेत? लॉन काढायला घरचे तयार नाहीत.

माडाचे_आळे: खरेदीआधी मोजा. 15 लिटरची बादली त्या पाइपखाली धरा. मिनिटात भरली तर 40 मिनिटांत 600 लिटर जातात.

आता गरज बघा. मार्च-एप्रिलच्या उन्हात लॉनला दिवसाला साधारण 5 मिमी पाणी लागते, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर. तुमचे 80 चौ. मी. एकटे 400 लिटर पिते. माडाला ठिबकने रोज 30-32 लिटर पुरतात, चारांना सव्वाशे धरा. जास्वंदी, अबोली, कुंड्या मिळून शंभर-सव्वाशे. लॉनला सहसा ठिबक लावत नाहीत, त्यामुळे नुसत्या ठिबकने तुमचे कोडे सुटणार नाही. प्रश्न लॉनचाच आहे. गवत कोणते?

चिऱ्याची_गडगा: पुढे रुंद पानाचे, मागच्या बाजूला हरळी. बादली 55 सेकंदांत भरली.

माडाचे_आळे: मग घरच्यांशी तंटा नको. ओसरीसमोरचे 25 चौ. मी. रुंद पानाचे ठेवा, त्याला 125 लिटर. मागच्या हरळीचे पाणी फेब्रुवारीपासून बंद. ती तपकिरी होईल, पण मुळे जिवंत राहतात, जूनच्या पहिल्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत परत हिरवी. मधल्या पट्ट्यातले रुंद गवत मात्र पाण्याशिवाय तग धरत नाही. ते काढून ऱ्हिओ (जांभळट पानांचे शोभेचे झुडूप) लावा. वेडेलिया (पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेल) फुकट मिळते म्हणून लावू नका, दोन पावसाळ्यांत गडग्यापलीकडे जाते.

ठेवलेले लॉन 5-6 सेंमीच्या खाली कापू नका. बुटके कापले की मुळेही उथळ राहतात आणि ऊन थेट मातीला लागते. पिवळे पडण्याचे निम्मे कारण बहुधा तेच.

ठिबक_परसातले: ड्रिपरबद्दल. दुकानदार दाब-भरपाईवाले (दाब कमीजास्त झाला तरी सारखेच पाणी देणारे) गळ्यात मारील, घेऊ नका. त्यांना साधारण 1 बार (दाबाचे एकक) दाब लागतो, तुमच्या 3 मीटर टाकीचा दाब जेमतेम 0.3 बार. साधे ड्रिपर घ्या, मात्र डब्यावर लिहिलेला प्रवाह 1 बारचा असतो. ताशी 8 लिटरचा ड्रिपर तुमच्याकडे ताशी साडेचारच्या आसपास देईल. प्रत्येक माडाला असे 4, बुंध्यापासून एक मीटरवर चारी दिशांना, पावणेदोन तास. जास्वंदीला 4 लिटरचे दोन. शेवटच्या ड्रिपरखाली मापाचा पेला धरून खात्री करा. वळणांत दाब आणखी घटतो, म्हणून मुख्य नळी 16 मिमीऐवजी 20 मिमीची टाका.

120 मेशचा (इंचाला 120 छिद्रे) जाळीचा फिल्टर हवाच. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असले तर ड्रिपरच्या तोंडाशी लालसर बुळबुळीत साका धरतो आणि महिन्यात निम्मे बंद. पाणी रात्रभर टाकीत ठेवा, ठिबकची जोडणी तळापासून 15 सेंमी वर काढा, दर पंधरा दिवसांनी नळ्यांची शेवटची टोपणे उघडून वाहू द्या.

अबोली_वाफा: जास्वंदीचे राहिले. स्क्रूड्रायव्हर मातीत 15 सेंमी खुपसा. सहज गेला आणि माती चिकटून आली तर पाणी जास्त होतेय. खालची जुनी पाने पिवळी होऊन गळणे हे बऱ्याचदा त्याचे लक्षण. दुपारी तीनला पाने माना टाकतात ते बघून पाइप सोडू नये, सकाळी सातलाही तशीच असतील तरच तहान.

आणि आच्छादन. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे (सुकी टरफले) पालथी, म्हणजे फुगीर बाजू वर, 2 मीटर त्रिज्येत अंथरा. जास्वंदीला चार बोटे पातेरा (वाळका पाला), खोडाला न चिकटवता. फूटभर माती, खाली जांभा, म्हणून एकदम ओतलेले पाणी निचरून जाते. ठिबकचा वेळ सकाळ-संध्याकाळ निम्मा-निम्मा करा.

चिऱ्याची_गडगा: कपड्यांच्या मशीनचे पाणी चालेल?

ठिबक_परसातले: माडाला, केळीला चालेल, दुसऱ्या खंगाळणीचे. पहिले साबणाचे नको, त्यातल्या सोडियमने माती घट्ट होते. दिवसापेक्षा जास्त साठवू नका, वास मारतो. ठिबकमध्ये तर मुळीच नको, कपड्यांचा धागा फिल्टर एका दिवसात बंद करतो. बादलीने आळ्यात ओता.