सिकलसेलच्या दुखण्यावरचं नवं संशोधन : वाचताना काय तपासता? (अनुभव धागा)

नंदुरबार-धुळे-जळगाव पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरांत ‘नवं औषध निघालं’ अशा बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर सारख्या फिरतात. बातमी हाती आल्यापासून डॉक्टरांना विचारेपर्यंत काय काय तपासता, ते नेमकं लिहा. आपबीती नको, पद्धत हवी.

गोमाईकाठ : आधी 1995 चा अमेरिकेतला हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या गोळीचा अभ्यास वाचा. 299 प्रौढ रुग्ण. औषधाच्या गटात दुखण्याचे झटके वर्षाला 2.5 (मध्यक), बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत 4.5. झटके कमी झाले, थांबले नाहीत. पुढच्या प्रत्येक बातमीत हाच आकडा शोधायचा : वर्षाला झटके किती कमी झाले? नुसतं ‘हिमोग्लोबिन वाढलं’ असेल तर दुखण्याबद्दल काहीच कळलेलं नाही. व्हॉक्सेलोटॉर या दुसऱ्या औषधाला 2019 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती हिमोग्लोबिनच्या वाढीवर. नंतरच्या माहितीत झटके आणि मृत्यू औषधाच्या बाजूला जास्त दिसले आणि सप्टेंबर 2024 मध्ये फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं.

पांझरा : झटके मोजलेले असले तरी दुसरा अभ्यास येईपर्यंत थांबा. क्रिझानलिझुमॅब या औषधाच्या पहिल्या अभ्यासात झटके स्पष्ट कमी झाले होते. पुढच्या मोठ्या अभ्यासात फरक दिसला नाही, आणि 2023 मध्ये युरोपातली परवानगी गेली.

केळीबाग : परदेशी अभ्यासातला डोस बघून घरी गोळी कमी-जास्त करू नका, ही कळकळीची विनंती. तिकडे मुलांना हायड्रॉक्सीयुरियाची सुरुवात साधारण किलोमागे रोज 20 मिलिग्रॅमने होते. नागपूरच्या मुलांवरच्या अभ्यासात 10 मिलिग्रॅमनेही फायदा दिसला. 30 किलोच्या मुलाला हा फरक रोज 600 आणि 300 मिलिग्रॅमचा. कॅप्सूल बहुधा 500 ची मिळते, म्हणून दिवसाआड द्यायची की कसं, ते डॉक्टरच बसवतात. कॅप्सूल घरी फोडायची नाही.

सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) डोस बसेपर्यंत दर 4 आठवड्यांनी, मग 2-3 महिन्यांनी. रिपोर्टवर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टक्क्यांत असतात, त्यांचा आकडा आपण काढायचा. एकूण पांढऱ्या पेशी 4,000 आणि न्यूट्रोफिल 30 टक्के म्हणजे 1,200. हा आकडा 1,250 च्या खाली किंवा प्लेटलेट 80,000 च्या खाली दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अशा वेळी गोळी सहसा थांबवतात. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) हळूहळू चढत असेल तर गोळी लागू पडतेय. पूर्ण डोसवर 6 महिने होण्याआधी ‘गुण नाही’ म्हणू नये. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांची तपासणी नेमकी इथेच चुकते, म्हणून निघण्याआधीच तिकडे सीबीसी कुठे होईल ते ठरवा आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा. मूल हवं असेल तर नवरा-बायको कोणीही गोळी घेत असो, आधी सांगा.

सातपुडा पायथा : आपल्याकडच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत फुकट दिसतात. रोगाचं नाव इंग्रजीत टाका आणि तीन गोष्टी बघा : भरती चालू आहे का, केंद्र कुठे आहे, मुख्य मोजमाप काय. संमतीपत्र पावरीत, भिलीत, अहिराणीत समजावून मागा, तो हक्क आहे. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, असं औषध-चाचण्यांचे 2019 चे सरकारी नियम सांगतात. चाचणीच्या औषधाचे पैसे कुणी मागितले तर सही करू नका.

गोमाईकाठ : जनुक-उपचाराबद्दल एवढंच. कॅसजेव्ही या जनुक-उपचाराला अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये 12 वर्षांवरच्यांसाठी मंजुरी मिळाली. 31 पैकी 29 रुग्णांना सलग 12 महिने तीव्र झटका आला नाही. पण आधी जबर केमो लागते, आणि किंमत 22 लाख डॉलर.

पांझरा : एक राहिलंच. हे सगळे अभ्यास मुख्यतः दवाखाना गाठायला लावणारे झटके मोजतात. खुब्याचं हाड झिजून रोज दुखतं, ते या आकड्यांत येतच नाही. म्हणून वहीत दोन रकाने करा : एकात झटक्याची तारीख, दुसऱ्यात रोजच्या दुखण्याला 0 ते 10 पैकी गुण. सहा महिन्यांतले निम्म्याहून जास्त दिवस दुसरा रकाना भरत असेल, तर ती वही दाखवून खुब्याचा एमआरआय लागेल का, ते विचारा.