छातीत दुखलं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या पहाटे चार वाजता ते अंथरुणात उठून बसले आणि छाती चोळू लागले. आईला म्हणाले, "गॅस धरलाय, तू झोप." ॲसिडिटीची गोळी घेतली, थोडं बरंही वाटलं. सात वाजता दाढी करताना बेसिनपाशी कोसळले. मधल्या तीन तासांबद्दल आमच्या घरात अजून कोणी नीट बोलत नाही. त्या गोळीने बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचं नाही, असं धरून चालायचं नसतं, हे मला नंतर कळलं.

म्हणून हा धागा. छातीत दुखण्याची कारणं खूप आहेत, बरीचशी साधीही आहेत. पण प्रत्येक दुखण्याची चाल वेगळी असते. तुमचं कुठे दुखलं, कसं दुखलं, कशाने वाढलं आणि मदत मागायला तुम्ही किती वेळ लावलात, ते लिहा. निदान मात्र इथे विचारू नका. हे वाचताना छातीत दुखत असेल तर वाचणं थांबवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

*

माझं वय तेव्हा ४९. दोन आठवडे भराभर चाललो की छाती आवळल्यासारखी व्हायची आणि थांबलो की चार-पाच मिनिटांत मोकळी व्हायची. मी काय केलं, तर हळू चालायला लागलो. मग एका संध्याकाळी खुर्चीत बसल्या जागी तसंच झालं आणि थांबेना. डावा हात कोपरापर्यंत जड झाला.

डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारलं तेव्हा मला बोट ठेवता येईना. मी अख्खी मूठ छातीच्या मधोमध दाबून धरली. पहिला ईसीजी नॉर्मल आला. मी लगेच पायात चपला सरकवल्या. डॉक्टर म्हणाले, "थांबा, एका ईसीजीवर सोडणार नाही." ट्रोपोनिन नावाचं प्रथिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं, पण ते वाढायला काही तास लागतात. माझं पहिलं रक्त ठीक होतं, तीन तासांनी काढलेल्यात ते वाढलेलं निघालं. त्याच रात्री स्टेंट बसला. त्या चपला घालून मी निघून गेलो असतो तर, हा विचार अजूनही जात नाही.

*

सासूबाईंबद्दल लिहिते. वय ६८, वीस वर्षांचा मधुमेह. त्यांच्या छातीत दुखलंच नाही. आठवडाभर खालचा जबडा दुखायचा, मळमळायचं, कपडे वाळत घालता घालता मध्येच खाली बसायच्या. "हात वर जात नाहीत गं," एवढंच म्हणायच्या. आम्ही त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळे दात ठोकून पाहिले, एकही दुखेना. मग त्यांनी विचारलं, "आजी, जिना चढताना जबडा जास्त दुखतो का?" त्या हो म्हणाल्या. डॉक्टरांनी उपकरणं बाजूला ठेवली आणि आम्हाला थेट ईसीजी काढायला पाठवलं. हार्ट अटॅक येऊन गेला होता.

बायकांमध्ये, वयस्कर माणसांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो असा आडून येऊ शकतो. धाप, घाम, पाठ किंवा जबडा दुखणं, कारण नसताना गळून जाणं, हेही लक्षात ठेवा.

*

माझं कारण पायात होतं. घोटा मोडला म्हणून प्लॅस्टर घातलेलं, चौथा आठवडा. श्वास खोल घेतला की उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखी कळ यायची. कुबड्यांमुळे स्नायू धरला असेल म्हणून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत जाताना धाप लागली. वाक्य पुरं करता येईना. तपासताना डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या : पोटरी दुखते का, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का. दोन्हींचं उत्तर हो होतं. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. सीटी स्कॅनमध्ये दिसली. सहा महिने रक्त पातळ करणारी औषधं घेतली. शस्त्रक्रिया, प्लॅस्टर किंवा लांबचा बसून केलेला प्रवास झाला असेल आणि मग असं दुखलं, तर ते सगळं आपणहून सांगा. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

*

मुलगा १९ वर्षांचा, उंच आणि काटकुळा. पुस्तक वाचत बसला असताना एका बाजूला अचानक टोचलं आणि श्वास पुरेना. एक्स-रेत फुप्फुस आक्रसलेलं दिसलं, भोवती हवा शिरली होती. नळी घालून हवा काढली. लहान वय आहे, काही नसेल, असं म्हणत बसलो नाही हे नशीब.

*

माझं अगदी साधं निघालं. बरगडी छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथली कूर्चा सुजलेली. बोटाने दाबलं की नेमकं तिथेच दुखायचं. तरी डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला आणि मगच गोळ्या दिल्या.

*

नागीण. चार दिवस एकाच बाजूला, पट्ट्यासारखी आग. पाचव्या दिवशी पुरळ उठलं तेव्हा कळलं.

*

मला पॅनिक अटॅक येतात. लिहिताना संकोच वाटतो, कारण "मनाचं आहे" म्हटलं की लोक ऐकणं बंद करतात. छातीत खरंच दुखतं. हाताला मुंग्या येतात, आता मरणार अशी खात्री होते. दहा मिनिटांत लाट टोकाला जाते, मग हळूहळू ओसरते. पहिल्या वेळी ईसीजी, रक्त, इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं झालं. त्या डॉक्टर म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे आणि तुमचं दुखणंही खरं आहे." त्या एका वाक्याने मी समुपदेशनाला जायला तयार झाले. त्यांनी कागदावर लिहूनही दिलं की कोणतं दुखणं नेहमीचं समजायचं नाही : श्रमाने येणारं, हाताकडे किंवा जबड्याकडे पसरणारं, आणि आधी कधी न आलेलं. तो कागद पाकिटात असतो. त्यावरून मी एकदा रात्री दवाखान्यात गेलेही. काही निघालं नाही, पण कोणी रागावलंही नाही.

*

अपघात विभागात मी चौदा वर्षं परिचारिका आहे. आम्ही आधी माणसाचा घाम बघतो. पंखा चालू असूनही शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळ गार आणि चेहरा राखेसारखा, की आम्ही कागदपत्रं नंतर भरतो. दुखणं कधी सुरू झालं ती वेळ लिहून आणा, चालू औषधांची नावं आणा. स्वतः गाडी चालवत येऊ नका. रुग्णवाहिकेला फोन केल्यावर तिथून सांगितलं आणि ॲलर्जी नसेल तरच ॲस्पिरिन चावून खा. पाठीत फाडल्यासारखी कळ आली असेल तर ते आधी सांगा, कारण महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटली असेल तर तीच गोळी घात करते. शेजाऱ्याची हृदयासाठीची, जिभेखाली ठेवायची गोळी तर घेऊच नका, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. माणूस निपचित पडला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

आणि "उगाच आलो, माफ करा" असं म्हणू नका. गॅस निघाला तर आम्हालाही बरं वाटतं.

*

धागा काढणारी मी. वरचं सगळं काल आईला वाचून दाखवलं. परिचारिकाताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "त्या पहाटे मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. बनियन ओलं होतं." सहा वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं.