मदत हवी आहे: साडेसहा लाख किमी झालेला टिपर, ऑइल कुठलं?

बीएस-३ (जुना प्रदूषण-निकष) इंजिन, टर्बो. सध्या १५डब्ल्यू-४० (जाडी) सीआय-४ प्लस (डिझेल ऑइलचा दर्जा) घालतो, हजार किमीला अर्धा लिटर टॉप-अप. अनमोड घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढून परत रेस दिली की निळा धूर, एरवी नाही. म्हणजे पिस्टन रिंगपेक्षा व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील वाटतं, तरी ब्लो-बाय (रिंगमधून खाली निसटणारा गॅस) तपासणार आहे. गरम आयडलिंगला ऑइल प्रेशर उतरतं, म्हणून मेकॅनिक जास्त जाड २०डब्ल्यू-५० सुचवतो. पण जाड ऑइल थंड स्टार्टला टर्बोच्या बेअरिंगला उशिरा पोचतं, आणि सील गेलं असेल तर ते ऑइलने भरून येत नाही.

दुसरं, जेटीवर तासन्‌तास इंजिन चालूच, किमीचं मीटर मात्र हलत नाही. खाणीची तांबडी धूळ एअर फिल्टरच्या आतल्या बाजूलाही सापडली, म्हणून फिल्टरकडून इंजिनकडे जाणारा होज आधी बदलतोय. अशा कामाला ऑइल बदलणं किमीवर धरता की २५० तासांवर? कुणी ऑइलचा नमुना लॅबमध्ये तपासून घेतलाय का? सिलिकॉन (धुळीची खूण), लोखंड (झिजेची खूण) किती आलं?