चेहरा बरोब्बर ओळखतो, तरी म्हणतो ही माझी आई नाही?

चौकसभाऊ:
कॅपग्रास सिंड्रोमबद्दल वाचलं आणि डोकंच चालेना. पेशंट म्हणतो ही बाई अगदी माझ्या आईसारखी दिसते पण ही ती नाही, तोतया आहे. बाकी बोलणं-चालणं व्यवस्थित. मग गडबड नक्की कुठाय, नजरेत की आठवणीत? की हा निव्वळ मानसिक आजार, मेंदूला इजा वगैरे काही नसतं?

न्यूरोवेडी:
स्किझोफ्रेनियात दिसतो तसा डोक्याला मार लागल्यावर आणि डिमेन्शियातही दिसतो, त्यामुळे "निव्वळ मानसिक" नाही म्हणता येणार. आणि मुळात ओळखणं हे एकच काम नाहीये. चेहरा कोणाचा ते कळणं वेगळं आणि तो बघून आतून आपलेपणा वाटणं वेगळं. आपल्या माणसाचा चेहरा दिसला की तळव्यांना किंचित घाम येतो, आपल्याला पत्ताही लागत नाही पण यंत्रावर मोजता येतो. रामचंद्रन आणि हर्स्टीन यांनी 1997 मध्ये ज्या पेशंटबद्दल लिहिलं त्याच्यात आईवडिलांचे फोटो बघून ही वाढ होतच नव्हती. गंमत म्हणजे फोनवर तो त्यांना लगेच ओळखायचा! म्हणजे कानाची वाट शाबूत, डोळ्यांकडून भावनेकडे जाणारी तुटलेली.
प्रोसोपॅग्नोसियात बरोबर उलटं, चेहरा कोणाचा ते सांगता येत नाही पण काही पेशंटचे हात मात्र घामाने ओळख देतात.

शंकासुर:
पटलं पण अर्धंच. आपलेपणा वाटला नाही तर मी फारतर म्हणेन "आज काहीतरी वेगळं वाटतंय", थेट तोतया कशाला ठरवीन?

न्यूरोवेडी:
रास्त शंका. कपाळामागच्या भागाला, म्हणजे फ्रंटल लोबला, खालच्या बाजूने इजा झालेल्या काही लोकांमध्ये ओळखीचे चेहरे बघूनही घामाची वाढ होत नाही, तरी ते कुणाला तोतया म्हणत नाहीत. म्हणून बरेच संशोधक मानतात की दोन बिघाड लागतात, एक तो भावनेचा आणि दुसरा "हे कसं शक्य आहे?" म्हणून स्वतःलाच खोडून काढणाऱ्या यंत्रणेचा, त्यात उजव्या फ्रंटल लोबवर संशय जास्त. त्यामुळे पेशंटशी वाद घालून काही हाती लागत नाही, पुरावा तपासणारंच रजेवर गेलंय.

बिनधास्त_बोल:
असंच एक, निग्लेक्टमधलं, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने एका बाजूकडे लक्षच जात नाही त्या विकारातलं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या पेशंट्सना 1978 मध्ये बिसियाक आणि लुझाट्टी यांनी सांगितलं की मिलानच्या कॅथेड्रलकडे तोंड करून चौकात उभे आहात अशी कल्पना करा, काय काय दिसतं? त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हटलं आता कॅथेड्रलकडे पाठ करा, तर मघाशी गाळलेल्या इमारती धडाधड सांगितल्या आणि आधीच्या गायब!! सगळं आठवणीतलं बरं का, डोळ्यांचा संबंधच नाही, तरी डावी बाजू गुल.

चौकसभाऊ:
बापरे. पण मग फोनवर पेशंटला आई ओळखू येते म्हणजे हा फक्त नजरेचाच मामला ना? अंध माणसाला कॅपग्रास होणारच नाही?

न्यूरोवेडी:
होतो, अंध पेशंटच्या केसेस नोंदलेल्या आहेत. तिथे आवाज ऐकूनच तोतया ठरवला जातो.