अनुभव धागा : अमेरिकेत आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन निघताना वादळांचे ऋतू कसे सांभाळता?

माळवाट
धाकट्या दिराचा परवा फोन आला. मेच्या अखेरीस सासूबाई आणि सासरे पुण्याहून डॅलसला पोचत आहेत आणि मेमोरिअल डेच्या सुट्टीला जोडून त्यांना भाड्याच्या आरव्हीतून ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या वाटेने साउथ डकोटातील बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानापर्यंत न्यायचे त्याने ठरवले आहे. तो मुक्कामांची नावे वाचून दाखवत होता आणि मला ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेकडील एका कॅम्पग्राउंडमधली मे महिन्यातली संध्याकाळ आठवत होती. मुले तेव्हा लहान होती. आम्ही पाणी आणि वीज जोडत असतानाच तिथली देखरेख करणाऱ्या आजी एक चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नाव होते आणि खाली बाण काढून सिमेंटच्या ठोकळ्यांनी बांधलेल्या स्नानगृहाची वाट दाखवली होती. रेडिओवरचा इशारा काउंटीच्या नावाने येतो, तेव्हा ते नाव पाठ असू द्या, असे सांगून त्या पुढच्या गाडीकडे गेल्या. जेवणे होत आली तेव्हा सायरन वाजला, आणि पुढचा बराच वेळ आम्ही, शेजारच्या गाड्यांतली माणसे आणि त्यांची कुत्री त्या स्नानगृहाच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलो. टोर्नेडो, म्हणजे जमिनीवर उतरणारे भोवऱ्यासारखे वादळ, दूरवरून गेला. आमच्या वाट्याला गारा आल्या आणि आरव्हीच्या छतावरील झरोक्यांची प्लॅस्टिकची झाकणे फुटली.

मार्च-एप्रिलमध्ये या वादळांचा जोर मेक्सिकोच्या आखाताजवळच्या राज्यांत असतो, मे आणि जूनच्या आरंभी तो टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्ससवर येतो, आणि जून-जुलैत नेब्रास्का, डकोटा आणि मिनेसोटाकडे सरकतो. दिराचा मार्ग नेमका त्या जोराबरोबरच उत्तरेला चालला आहे. त्याला घाबरवायचे नाही, पण आई-वडिलांना घेऊन निघालेल्या माणसाला हे माहीत असायलाच हवे. हवामानामुळे ज्यांनी तारखा बदलल्या, मार्ग बदलला किंवा मधूनच परत फिरले, त्यांनी कृपया येथे सविस्तर लिहावे. मी हा धागा त्याला पाठवणार आहे.

दक्षिणवारा
मी ओक्लाहोमातील नॉर्मनला शिकलो. वादळांचा अंदाज वर्तवणारे राष्ट्रीय केंद्र त्याच गावात आहे, त्यामुळे त्याचे नकाशे पाहायची सवय लागली ती आजही टिकून आहे. हे केंद्र आठ दिवसांपर्यंतचा अंदाज देते आणि जवळच्या दिवसांसाठी मार्जिनल, स्लाइट, एनहान्स्ड, मॉडरेट आणि हाय अशा चढत्या पाच पायऱ्यांनी धोका दाखवते. अडचण अशी, की लोकप्रिय राष्ट्रीय उद्यानांतील जागा सहा महिने आधी राखाव्या लागतात आणि उपयोगी पडेल असा अंदाज मात्र हाती येतो तो जेमतेम आठवडाभर आधी. म्हणून आरक्षण ऋतू पाहून करावे आणि रोजची वाट अंदाज पाहून ठरवावी. मी दर दोन मुक्कामांनंतर एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवतो. एनहान्स्ड किंवा त्याहून वरचा पट्टा आमच्या वाटेवर आला की आम्ही तो दिवस अलीकडच्याच गावात काढतो, आणि गरज वाटल्यास गाडी सोडून एखाद्या पक्क्या हॉटेलात राहतो.

दुसरे महत्त्वाचे म्हणजे वेळ. मैदानी प्रदेशात टोर्नेडो बहुतेक वेळा दुपारी ४ ते रात्री ९ च्या दरम्यान होतात, म्हणून आम्ही पहाटे निघतो आणि ३ च्या आत मुक्कामी पोचतो. अगदी शेवटच्या क्षणी गाडी पळवण्याचा विचार कोणीही करू नये. ३१ मे २०१३ रोजी एल रिनोजवळ झालेल्या टोर्नेडोची रुंदी सुमारे ४ किलोमीटर होती, आजवर मोजलेल्यांत तो सर्वांत रुंद ठरला, आणि त्या संध्याकाळी पळून जाऊ पाहणाऱ्यांच्या मोटारींनी ओक्लाहोमा सिटीभोवतीचे महामार्ग तुंबले होते. महामार्गावरील पुलाखाली गाडी थांबवणेही धोक्याचे असते, कारण तिथे वाऱ्याचा आणि उडत येणाऱ्या वस्तूंचा मारा वाढतो.

ऋजुता_विचिटा
'वॉच' आणि 'वॉर्निंग' यांतला फरक आई-बाबांना निघण्यापूर्वीच समजावून सांगा. वॉच म्हणजे वादळाला पोषक परिस्थिती आहे. त्या वेळी ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारे कापडी छत) गुंडाळावे, खुर्च्या आत घ्याव्यात आणि बूट घालून तयार राहावे. वॉर्निंग म्हणजे टोर्नेडो प्रत्यक्ष दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे. तेव्हा ताबडतोब पक्क्या इमारतीत जावे. हा इशारा मिळाल्यावर अनेकदा हाती दहा-बारा मिनिटेच असतात. मी हे पोळ्या लाटता लाटता लिहीत आहे, सविस्तर रात्री लिहीन.

माळवाट
ऋजुताताई, वाट पाहते. सासूबाईंच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले आहे आणि आरव्हीच्या पायऱ्या उंच असतात, त्यामुळे त्या दहा मिनिटांचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

कृष्णाकाठ
माळवाट, तुमची काळजी मला अगदी जवळून कळते. माझ्या वडिलांना चालायला वेळ लागत असे, म्हणून आम्ही आरक्षण करतानाच स्नानगृहाच्या शेजारची जागा मागून घेत होतो. तिथे रात्री वर्दळ असते आणि दिवाही डोळ्यांवर येतो, परंतु पन्नास पावलांत पक्क्या भिंती असल्याने आम्हाला शांत झोप लागत असे. पायऱ्यांसाठी रुंद, न घसरणारा पाट आणि धरायला दांडा मिळतो. तो वादळासाठीच असे नाही, रोजच उपयोगी पडतो. वॉच लागला की आम्ही वॉर्निंगची वाट न पाहता वडिलांना घेऊन स्नानगृहाजवळच्या बाकावर जाऊन बसत होतो. पारपत्रे, विम्याचे कागद, चष्मा, औषधे आणि इन्सुलिनचा थंड डबा एका छोट्या पिशवीत घालून ती पिशवी दाराच्या खुंटीला कायम अडकवलेली असे.

नभांगण
इन्सुलिनचा विषय निघाला म्हणून लिहितो. वादळात कॅम्पग्राउंडची वीज गेली, तरी प्रोपेन गॅसवर चालणारा फ्रिज थंड राहतो. परंतु हल्ली भाड्याच्या अनेक गाड्यांत बॅटरीवर चालणारा फ्रिज असतो आणि बॅटरी उतरली की तो बंद पडतो. गाडी ताब्यात घेताना हे अवश्य विचारून घ्या.

ऋजुता_विचिटा
रात्री लिहीन म्हटले होते, ते लिहिते. फोनवर पूर्ण विसंबू नका, कारण मैदानी भागात मैलोन्‌मैल रेंज नसते आणि वादळात टॉवरही बंद पडतात. राष्ट्रीय हवामान सेवेचे प्रक्षेपण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील सात वाहिन्यांवर अखंड चालू असते आणि त्यासाठीचा छोटा रेडिओ सहज विकत मिळतो. या रेडिओत काउंटीचा सहा आकडी कोड घातला, की फक्त त्या काउंटीच्या इशाऱ्याला तो वाजतो. तुम्ही रोज काउंटी बदलणार, म्हणून रोज संध्याकाळी कोड बदलणे किंवा सर्व काउंट्यांसाठी तो वाजेल अशी सोय निवडणे आवश्यक आहे. आमच्याकडे हे काम मुलीकडे असते आणि ती ते फार जबाबदारीने करते.

टॅम्पाची_काकू
आमच्याकडचा धोका निराळा आहे. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि १० सप्टेंबरच्या सुमारास तो शिखरावर असतो. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या कीज बेटांतील की वेस्टकडे जाणारा रस्ता एकच आहे, आणि चक्रीवादळाची चाहूल लागली की पर्यटकांना आणि आरव्हीवाल्यांना स्थानिक लोकांच्या आधी बाहेर काढतात. हे योग्यच आहे. चक्रीवादळ टोर्नेडोसारखे अवचित येत नाही, काही दिवस आधी कळते. मात्र तेवढ्याच दिवसांत सगळा फ्लोरिडा रस्त्यावर उतरतो आणि पेट्रोल मिळेनासे होते. हंगामात आम्ही टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही आणि वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरण्यापूर्वीच जॉर्जियाचा रस्ता धरतो. कीज पाहायचे असतील तर डिसेंबर ते एप्रिल हाच काळ निवडा. हवा कोरडी असते, डासही कमी असतात. जागा मात्र फार लवकर भरतात.

निळागिरी
काकू, जॉर्जियाच्या पुढेही डोंगरात वादळ गाठते, हे आम्ही २०२४ मध्ये पाहिले. हेलीन चक्रीवादळ २६ सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिलला पुराने वेढले. पिजन नदीच्या घळीतील आय-४० महामार्गाचे तुकडे वाहून गेले आणि ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातला रस्ता बंद झाला. ऑक्टोबरात पानांचे रंग पाहण्यासाठी आम्ही तिथे जागा राखली होती. कॅम्पग्राउंडच्या मालकीणबाईंनी पैसे परत करण्यासाठी फोन केला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी नव्हते. ते पैसे आम्ही परत घेतले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच जागी राहून आलो.

टॅम्पाची_काकू
वाचून डोळे भरून आले. तुम्ही फार चांगले केलेत.

हिलकंट्री_मी
नदीकाठच्या जागेविषयी मला अगदी कळकळीने सांगायचे आहे. ४ जुलै २०२५ च्या पहाटे केर काउंटीत ग्वादलुपे नदीचे पाणी हंट गावाजवळ पाऊण तासात सुमारे २६ फूट चढले. त्या पुरात टेक्सासमध्ये १३० हून अधिक माणसे गेली. काठावरच्या शिबिरांतील मुले आणि आरव्ही पार्कमधील कुटुंबेही त्यांत होती. त्या भागात चुनखडीच्या उतारांवर मातीचा थर पातळ असल्याने पाऊस मुरत नाही आणि सगळे पाणी धावत नदीत येते. तेव्हापासून मी नकाशावर नदीपासूनची उंची पाहिल्याशिवाय जागा घेत नाही, काठावरची जागा कितीही सुंदर असो. पोचल्यावर पहिल्यांदा उंचावर जाणारी वाट पायी चालून पाहतो, कारण पूर रात्री आला तर आरव्हीचे जोड सोडवत बसायला वेळ नसतो; सगळे तिथेच टाकून चालत निघावे लागते.

लालमाती_युटा
आमच्या वाळवंटातही पाण्याचाच धोका मोठा आहे. ॲरिझोनात मान्सूनचा काळ १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. कोकणातल्या पावसासारखा तो लागून राहत नाही. दुपारी एकाच डोंगरावर कोसळतो आणि पाणी कोरड्या ओढ्यांतून दूरवर धावते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, आणि तो पाऊस त्या घळीवर पडलेला नव्हता, कित्येक किलोमीटर वर पडला होता. म्हणून कोरड्या ओढ्यात, वाळू कितीही सपाट दिसली तरी, गाडी उभी करू नये. सरकारी मोकळ्या जमिनींवर विनाशुल्क मुक्काम करणाऱ्यांनी मातीच्या रस्त्यांचाही विचार करावा. दक्षिण युटातील चिकणमातीवर एक सर पडली तरी जड गाडी जागची हलत नाही, आणि रस्ता वाळेपर्यंत थांबण्याखेरीज उपाय नसतो. जास्तीचे पाणी आणि शिधा त्यासाठीच ठेवायचा.

माळवाट, दिराला मे महिन्यातच जायचे असेल तर त्याने हाच भाग पाहावा असे मला मनापासून वाटते. मान्सून लागलेला नसतो आणि उन्हाळाही कडक झालेला नसतो. फक्त ब्राइस कॅन्यन ८००० फुटांच्या आसपास आहे आणि तिथे मे महिन्यातही रात्री पाणी गोठते, तेव्हा झोपण्यापूर्वी बाहेरची पाण्याची नळी काढून रिकामी करावी.

पूर्ववारा
वायोमिंगमधील आय-८० महामार्गाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. लॅरमी ते रॉलिन्स या टप्प्यात वारा इतका जोरात असतो, की हलक्या आणि उंच वाहनांना महामार्ग बंद करतात. हिवाळ्यात हे वारंवार होते, परंतु वसंतातही आम्ही लॅरमीत थांबून राहिलो आहोत. राज्याच्या रस्ते विभागाचे संकेतस्थळ सकाळी पाहूनच निघावे.

गोल्डन_गेटची_मावशी
पश्चिमेकडे ऑगस्टपासून पुढे धूर आणि वणवा यांचा विचार करावाच लागतो. ३० ऑगस्ट २०२१ रोजी काल्डोर वणव्यामुळे कॅलिफोर्नियातील साउथ लेक टाहो गाव रिकामे करण्याचा आदेश निघाला, तेव्हा बाहेर पडणाऱ्या गाड्या तासन्‌तास रस्त्यावर अडकल्या होत्या. त्यामुळे एकच रस्ता असलेल्या जागी आम्ही गाडीचे तोंड बाहेरच्या दिशेला ठेवून उभी करतो. धूर आला की दम्याच्या माणसाला आरव्हीत ठेवू नये. तिच्या फटींतून सगळे आत येते.

नभांगण
भाड्याच्या करारात छताचे आणि ऑनिंगचे नुकसान विम्यातून वगळलेले असते का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. अनेक करारांत ते वगळलेले असते, आणि गारा व वारा यांनी सर्वांत आधी तेच मोडते. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील अतिउष्ण डेथ व्हॅलीत गाडी नेण्यासही अनेक कंपन्या मनाई करतात.

माळवाट
सर्वांचे मनापासून आभार. दिराने काल रात्री सगळा धागा आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. मेअखेरीची गाडी त्याने रद्द केली आहे. सासूबाई आणि सासरे ऑक्टोबरपर्यंत इथेच राहणार आहेत आणि त्याची मुलगी अजून शाळेत जात नाही, त्यामुळे बॅडलँड्सचा बेत सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाईल. मे महिन्यात चौघे युटाला जातील असे दिसते. ऋजुताताई, सप्टेंबरात कॅन्ससमधून जाताना तो रेडिओ तरीही घ्यावा ना?

ऋजुता_विचिटा
अवश्य घ्यावा. सप्टेंबरात वादळांचे प्रमाण बरेच कमी असते, पण ती पूर्ण थांबत नाहीत, आणि बॅडलँड्सच्या उघड्या माळावर वारा तर केव्हाही सुटतो. तिथे ऑनिंग रात्री कधीच उघडे ठेवू नका आणि सासूबाईंसाठी जाड स्वेटर घ्या, कारण दिवसा ऊन असले तरी पहाटे चांगलीच थंडी पडते. विचिटाला आमच्याकडे मुक्काम करा. आरव्ही अंगणात उभी राहील आणि आमच्या घराला तळघर आहे.